नाकावरची पाटी

११ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. फोन तू उचलत नाहीस. ईमेलला तुझ्या ऑफिसातून 'आपला संदेश मिळाला' एवढंच उत्तर येतं, तेही तुझं नसतं. म्हणून हा कागद. पाकीट तरी तुलाच उघडावं लागेल.

सहा फूट उंच आणि अर्धं टक्कल पडलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं. पाकिटावर तुझ्या सगळ्या पदव्या नीट लिहिल्या आहेत, तेवढ्यावर समाधान मान.

कामाचं सांगते. विद्यापीठ आपलं ग्रंथालय बदलायला निघालंय. पुस्तकं नाहीत, इमारत. उघडणाऱ्या सगळ्या खिडक्या काढून सलग काच बसवायची, चारी बाजूंनी सीलबंद. मागची झाडं तोडून तिथे वातानुकूलनाची यंत्रं. आणि घशावर स्लॅब टाकून तो कायमचा बुजवायचा.

घसा म्हणजे तुझा तो मधला उभा मनोरा. तुझ्या नकाशात त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं, इथे झाडूवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे घसाच म्हणतात. उत्तरेला हौदापाशी जी जाळी आहे ते नाक. हौदावरचा, झाडांखालचा वारा नाकातून आत जातो, जमिनीखालच्या भुयारात गार होतो, वाचनकक्षांतून हिंडतो आणि गरम होऊन घशातून वर निघून जातो. तुझीच इमारत तुलाच समजावतेय, हसू नकोस. तू तिच्यात एक दुपारसुद्धा बसलेला नाहीस. तुला ती कागदावरच माहीत आहे.

समितीने घशाची उंची कमी केली आणि मी, विद्यापीठाच्या इमारती बघणारी अधिकारी म्हणून, त्या नकाशावर सही केली, त्या दिवशी तू म्हणालास, "ताई, तू माझ्या इमारतीचा गळा कापलास." उद्घाटनाला आला नाहीस, नंतर देशातच राहिला नाहीस. मी अजूनही म्हणते, सही केली ते बरोबर केलं. नाहीतर पैसेच मंजूर झाले नसते आणि आज पायाच्या खड्ड्यात बेडूक ओरडत असते. आणि कापलेल्या घशानेही ती श्वास घेते, टिल्लू. बाहेर डांबर पायाला चिकटतं तेव्हा आत लोक स्वेटर नाही पण शाल तरी शोधतात. हे तुला सांगायला मी इतकी वर्षं थांबले आहे आणि तू आहेस की कानात बोळे घालून बसलास.

तर बदल का? कारण गुण. नवे कुलगुरू आले आहेत, त्यांना हरित मानांकनाची सगळ्यात वरची श्रेणी हवी आहे. त्यासाठी एक सल्लागार आणलाय. आमच्या ग्रंथपालबाईंनी त्याचं नाव गुणाजी ठेवलं, कारण तो झाडाकडे बघूनही गुण मोजतो. माणूस वाईट नाही. आवाज न चढवता बोलतो, त्यामुळे भांडताही येत नाही. परवा मला म्हणाला,

"मॅडम, तुमच्या इमारतीला ऊर्जाबचतीत शून्य गुण येतात."

"अहो, थंड करायला आम्ही वीज वापरतच नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. बचत कशाच्या तुलनेत दाखवायची? आधी यंत्रणा पाहिजे. मग ती कमी वीज खाते असं दाखवता येतं."

"म्हणजे जो दारू पीतच नाही, त्याला दारू सोडल्याचं बक्षीस नाही."

"तसंच समजा," म्हणाला. हसलासुद्धा नाही.

आता तुझं काम. करारात तूच भांडून एक कलम घातलं होतंस, की पहिली दहा वर्षं मूळ वास्तुरचनाकाराने हरकत घेतली तर इमारतीत मोठा बदल करता येणार नाही. मी तेव्हा तुला हसले होते, नाकापेक्षा मोती जड म्हणून. आता तेच कलम तिला वाचवेल. विद्यापीठाचं विचारणा करणारं पत्र तुला आलंच असेल. त्यांना एक ओळ पाठव: माझी हरकत आहे. खाली सही. मला काही लिहू नकोस, माझ्याशी अबोला चालू ठेव, माझी काही तक्रार नाही.

मोठ्यांना नमस्कार सांगायला तुझ्या घरात माझ्यापेक्षा मोठं कुणी नाही, तेव्हा वहिनीला आठवण सांग.

ताई


९ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझी ओळ आली नाही. वहिनीचा मात्र फोन आला होता. "वन्सं, ते तुमचं पत्र वाचतात. दोनदा वाचतात आणि खणात ठेवतात." खणात ठेवून इमारती वाचत नाहीत, असं तुला सांगायला सांगितलं होतं. सांगितलं का तिने?

इकडे काय झालं ते ऐक. ऐकून हसशील, मग डोकं आपटून घेशील. मी दोन्ही केलं.

विद्यापीठाला हरित परिसर म्हणून कसलासा उत्तेजनार्थ पुरस्कार मिळाला. त्याची पाटी आली. काळा दगड, सोनेरी अक्षरं, घराच्या दाराएवढी मोठी. अनावरणाच्या फोटोत पाहुण्यांच्या मागे हौद आणि झाडं आली पाहिजेत असा छायाचित्रकाराचा हट्ट. आणि तसा फोटो येईल अशी भिंत एकच. त्यांनी ती पाटी नाकावर ठोकली, टिल्लू. थेट जाळीवर, लोखंडी चौकट मारून. मी त्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या कामाला पलीकडच्या टोकाला होते. परत येईपर्यंत पडदा ओढून झाला होता, टाळ्या झाल्या होत्या आणि हरित असल्याबद्दल इमारतीचा श्वास बंद केला होता.

दुसऱ्या दिवसापासून वाचनकक्ष कोंदायला लागले. लोकांना घाम फुटला की ते काय करतात? खिडकी उघडतात. आपल्या इमारतीत भर दुपारी खिडकी उघडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ती संध्याकाळी उघडायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत मिटायची, ही साधी गोष्ट मी इतकी वर्षं सगळ्यांना घोकून घोकून शिकवली होती. एका आठवड्यात सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भूगोलाचे एक प्राध्यापक माझ्यादेखत दांडी फिरवून खिडकी उघडतात आणि मलाच म्हणतात, "वारा कुठं आहे तुमचा?"

आणि नेमके त्याच आठवड्यात गुणाजीचे लोक तापमान मोजायची यंत्रं घेऊन आले.

मी कुलगुरूंकडे गेले. म्हटलं, पाटी दोन हात बाजूला घ्या.

"मॅडम, मान्यवरांच्या हस्ते अनावरण झालेली पाटी अशी हलवता येत नाही. समिती नेमावी लागेल."

"अहो, नाक दाबलंय तिचं!"

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना? मग उघडा खिडक्या," म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन मला चहा पाजला. चहा बरा होता.

तुझी फार आठवण आली. तू असतास तर टेबलावर हात आपटून बाहेर पडला असतास. मी चहा पिऊन बाहेर पडले. आपल्या दोघांत हा फरक आईला पहिल्यापासून माहीत होता. ती म्हणायची, याला दार आपटता येतं आणि हिला दार पुसता येतं.

तापमानाचे आकडे तुला पाठवतील आणि म्हणतील, बघा, तुमची इमारत तापते. विश्वास ठेवू नकोस. पाटी आहे म्हणून तापते. ओळ पाठव.

ताई


२७ मार्च

टिल्लू,

पाटी निघाली. कशी ते विचारू नकोस.

अक्षराकडेही बघू नकोस. डाव्या हाताने लिहायची हौस आली आहे. म्हातारपणी माणसाने नवं काहीतरी शिकावं.

आज सकाळी सगळ्या खिडक्या पुन्हा वेळेवर मिटून घेतल्या, आणि दुपारी मी वरच्या वाचनकक्षात जाऊन बसले. आधी काहीच नाही. तोच कोंदट वास, तेच कपाळ पुसणारे लोक. मग एका टेबलावरचा कागद जरासा उचलला गेला आणि परत खाली बसला. मग दुसरा. पायाशी गार लागलं, जसं विहिरीच्या काठावर लागतं. ग्रंथपालबाई खालून जिन्यावरून वर आल्या, मधेच थांबल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं धूळ गेली नाकात. रडत होत्या, वेड्या. मला म्हणाल्या, "आली गं बाई शुद्धीवर."

मीही रडले. तुला सांगायला लाज कसली. आई गेली तेव्हा तू दूर होतास आणि मला माणसांची व्यवस्था बघायची होती, रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं त्या वाचनकक्षात निघालं, शांतता राखा या पाटीखाली.

तुला एकदा तिथे बसवायचं आहे. माझं दुसरं काही मागणं नाही. मला माफ करू नकोस, मी चुकले असं मला वाटतच नाही. पण ये, दुपारच्या वेळी खुर्चीत बस, आणि तू काढलेला वारा तुझ्या अंगावर घे. मग वाटलं तर लगेच परत जा.

ताई


१९ एप्रिल

प्रिय टिल्लू,

काल तुझा आवाज ऐकला. "ताई, हात मोडलाय तर सांगत का नाहीस?" एवढंच बोललास. मी मात्र फोनवर उगाच ओरडले. इतक्या वर्षांनी फोन केलास आणि मी तुला झापलं. काय करू, आनंद झाला की माझा आवाज चढतो. बाबांचाही चढायचा.

आता कळलंच आहे तर नीट सांगते, नाहीतर तू काहीतरी भलतंच धरून बसशील. मी खिडकी उघडताना पडले नाही. आपल्या खिडक्या जमिनीवर उभं राहून दांडीने उघडतात, तूच तशा केल्यास. मी पडले ती पाटी काढताना. सुट्टीच्या दिवशी सकाळी शिडी लावली, चौकटीचे बोल्ट सोडवले, आणि शेवटचा सुटला तसा तो दगड माझ्या अंदाजापेक्षा जड निघाला. तो खाली, मी खाली. त्याच्या सोनेरी अक्षरांचे तुकडे झाले, माझ्या मनगटाचे त्याहून थोडे कमी. नंतर दवाखान्यात मनगटात पट्टी घातली आहे स्टीलची. आता पाऊस येणार हे मला आधी कळेल म्हणतात.

मग विद्यापीठाने तुला पाठवलेल्या कागदावर 'वायुवीजनाचं काम करताना पडल्या' असं कसं आलं? ती ग्रंथपालबाईंची करामत. मी दवाखान्यात होते, सुरक्षा अधिकारी चौकशीला आला, आणि बाईंनी धडाधड सांगून टाकलं, की मॅडम नेहमीप्रमाणे खिडक्या बघायला वर चढल्या, घसरल्या, आधाराला पाटी धरली ती निखळली. पाहुण्यांची पाटी फोडली म्हणून माझी नोकरी जाऊ नये एवढाच हेतू. मी शुद्धीवर येईपर्यंत तो कागद चार टेबलं फिरून आला होता. बाईंना म्हटलं, अहो, खोटं कशाला? म्हणाल्या, "तू गप गं. तुझ्याशिवाय हिच्या खिडक्या कोण मिटणार?"

आता चांगलं बोलू. बदलाचा निर्णय घ्यायच्या बैठकीला तू पडद्यावर हजर राहणार म्हणालास. हरकत लिहून ठेवली आहेस म्हणालास, दोन पानी. मला एक ओळ पुरली असती, पण तुझं नेहमीचंच आहे, लहानपणी शुभेच्छापत्रावरही निबंध लिहायचास. मी फार खूश आहे. ग्रंथपालबाईंनी सगळ्या टेबलांवरून फडकं मारून घेतलंय, जसा काही तू पडद्यातून उतरून येणार आहेस.

बैठकीत घशाच्या उंचीचा विषय काढू नकोस. तो आपण दोघं घरी भांडू.

तुझी (हे आज लिहावंसं वाटतंय),
ताई


६ मे

टिल्लू,

बैठक संपल्यापासून तुझे फोन येताहेत. घेतला नाही. बोलायला गेले तर ओरडेन, आणि या वेळी आनंदाने नाही.

तुझ्या बाजूने तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला काय दिसलं ते सांगते. लांबलचक टेबल. एका टोकाला कुलगुरू, बाजूला गुणाजी, आणि कोपऱ्यात मी, हात गळ्यात बांधलेला. पडद्यावर तू आलास. केस पांढरे झालेत तुझे, सांगितलं नाहीस. तुझ्या हातात घडी केलेला कागद होता. तो मी ओळखला. मनात म्हटलं, सुटली.

तू घडी उघडलीस. घसा साफ केलास. आणि तेवढ्यात गुणाजी त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "सर, डिझाइन उत्तमच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की ते माणसावर चालतं. आणि आता मॅडम पडल्या."

तू वाचायचा थांबलास.

"ताई, हात दाखव."

"हात राहू दे. कागद वाच."

"आधी दाखव."

मी दाखवला. काय करणार होते? मग मी उभी राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. की कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, मी खिडकीवरून पडले नाही, पाटी मी मुद्दाम काढली, तिने इमारतीचं नाक बुजलं होतं म्हणून. वाटलं, आता नोकरीवर गदा येते. येऊ दे म्हटलं. पण कुलगुरू हसले. "बघा, किती जीव आहे यांचा इमारतीवर," म्हणाले. बाकीचेही हसले, कौतुकाने. खरं बोलून माणूस इतका उघडा पडत असेल असं मला वाटलं नव्हतं. कुणी रागावलं असतं तरी चाललं असतं.

तू हसला नाहीस. तू विचारलंस,

"संध्याकाळी खिडक्या कोण उघडतं?"

"मी."

"सकाळी कोण मिटतं?"

"मीच की. चार मजले फिरायला कितीसा वेळ लागतो?"

"सुट्टीच्या दिवशी?"

"टिल्लू, मला आवडतं ते."

"आजारी असलीस तर?"

ग्रंथपालबाई मिटतात, दोन पोरांना मी शिकवून ठेवलंय, हे सगळं तोंडाशी होतं. पण तू माझ्याकडे असा बघत होतास की मला आई आजारी होती ते दिवस आठवले, जेव्हा तू शिकायला निघालास आणि दारात उभा राहून असाच बघत होतास. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

मग तू कागदाची घडी घातलीस. म्हणालास, "आईच्या वेळी ताई अडकली आणि मी काही बोललो नाही. या वेळी बोलतो. जी इमारत माझ्या बहिणीला एक दिवस सुट्टी देत नाही, ती मी चुकीची काढली. माझी हरकत नाही."

टाळ्या वाजल्या. कुलगुरूंनी डोळे पुसले, खोटं सांगत नाही. गुणाजी माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाला, "भाग्यवान आहात मॅडम." पडदा बंद झाला. कुणीतरी दिवा लावला आणि पुढचा विषय घेतला, वाहनतळाचा.

कुणी सांगितलं रे तुला, की मला सुट्टी हवी होती? आईचं करताना मी अडकले होते, ते खरं. त्यातलं काही मी निवडलं नव्हतं. ही इमारत मी निवडली होती. सकाळी एकेक दांडी फिरवत खाली यायचं, बाहेरचं ऊन बाहेर ठेवायचं, हे माझ्या आयुष्यात मला कुणी करायला लावलेलं नाही. तू नकाशा काढून गेलास. इमारत मी वाढवली. आणि तू एका वाक्यात, सगळ्यांदेखत, प्रेमाने तिचा निकाल लावलास. तिच्यात एक दुपार न बसता.

तू माझ्यावर रागावला होतास तेव्हा ती जिवंत होती. तू मला जवळ केलंस आणि ती गेली. तू रागावलेलाच बरा होतास.

हे लिहायला मला डाव्या हाताने दोन दिवस लागले. पाठवणार आहे. तुला लागेल. लागू दे.

ताई


२ जुलै

प्रिय टिल्लू,

तुझे रविवारचे फोन येतात, बरं वाटतं. तू विचारतोस "हात कसा आहे," मी म्हणते "सुधारतोय." मग तू विचारतोस "काम कसं चाललंय," मी म्हणते "चाललंय." मागचं पत्र मिळाल्यावर तू जे काही म्हणालास त्यावर मी 'जाऊ दे' म्हटलं, आणि ते खरंच जाऊ दिलंय. तुझ्या आवाजात अपराध्यासारखं काही ऐकू आलं की मला वेगळाच त्रास होतो. पण फोनवर काम कसं चाललंय ते सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

झाडं पडली. हौद भरून टाकला, कारण यंत्रांना सपाट जागा लागते. भुयाराच्या दोन्ही तोंडांना वीटकाम झालं. घशावर स्लॅब पडला त्या दिवशी मी रजा टाकली होती. हक्काची सुट्टी. ती घेऊन मी घरात बसले आणि कपाटं आवरली.

खिडक्यांच्या दांड्या भंगारात निघाल्या. पोत्यात भरून नेल्या. त्यातली एक आणावी असं मनात आलं होतं, मग म्हटलं, घरी तिने काय फिरवू?

लोक खूश आहेत. हे तुला सांगायलाच हवं, कारण त्यात खोट नाही. भूगोलाचे प्राध्यापक म्हणाले, आता कसं मनासारखं गार. ते यंत्राचं बटण दाबतात आणि गार होतं. कुणाला सकाळ-संध्याकाळ काही लक्षात ठेवावं लागत नाही. माझं पदही गेलं. पगार तोच, टेबल वेगळं. आता मी वाहनतळाचे परवाने बघते. सायकलवाल्यांना हिरवा, बाकीच्यांना पांढरा.

मागच्या आठवड्यात दुपारी वीज गेली. यंत्रं थांबली. काचेच्या आत एवढी माणसं. थोड्या वेळात लोक खिडक्यांकडे धावले आणि काचेवर हात फिरवायला लागले, कुठे कडी सापडते का म्हणून. कडी कुठून सापडणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सगळे घामाघूम होऊन बाहेर आले, झाडांच्या बाजूला गेले, आणि तिथे झाडं नव्हती. उन्हात उभे राहिले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मीही वाहनतळाच्या खिडकीतून परवानेच देत होते.

ग्रंथपालबाई माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. परवान्यांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आपणच मारलं गं तिला. मी खोटं बोलून, तू खरं बोलून, आणि तुझ्या भावाने तुला जपून. त्या गुणाजीला हातसुद्धा लावावा लागला नाही."

त्यांना वेडंवाकडं काही बोलू नका म्हणून मी दटावलं. पण त्या बरोबर बोलत होत्या. तुझ्याकडे यावर काही उत्तर असेल तर मला कळवू नकोस, कारण मग आपण त्यावर बोलत बसू आणि रविवार जाईल.

तू पुढच्या वर्षी यायचं म्हणतोस. ये. घरी ये, वहिनीला घेऊन ये. विद्यापीठात जायची गरज नाही.

ताई


१० सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

तुझ्या व्याख्यानासाठी इमारतीचा फोटो हवा म्हणालास, जुनी दिसेल असा नको, आत्ताचा. सोबत पाठवते आहे. उत्तरेकडून काढला आहे, तू पहिल्या दिवशी जागा बघायला आला होतास तेव्हा जिथे उभा राहिलास तिथून. तू तेव्हा तोंडात बोट घालून वर धरलं होतंस, वारा कुठून येतो ते बघायला. मीही फोटो काढताना सहज तसं करून बघितलं. यंत्रांची गरम हवा येते तिकडून.

सगळ्यात वरची श्रेणी मिळाली आहे, हे तुला कळवायचं राहिलं. ऊर्जाबचतीत पैकीच्या पैकी गुण. मूळ रचनाकार म्हणून पत्रकावर तुझंही नाव छापलं आहे, ते तुला येईल.

हात बरा आहे. रबरी चेंडू दाबायला देतात, आता मूठ पूर्ण मिटते. काळजी करत जाऊ नकोस. तू माझ्यासाठी जे केलंस ते मला कळतं, हे एकदा लिहून द्यायचं होतं, ते दिलं.

फोटोत मध्ये नवी पाटी आली आहे, मागच्यापेक्षा मोठी. ती जुन्याच जागी लावली आहे, जाळी होती तिथे. मी तिथे उभी राहून सरळ लागते की नाही ते बघून घेतलं. भिंतीला छान घट्ट बसली आहे. आता तिच्यामागे काही नाही, त्यामुळे ती कुणी काढणार नाही.

वहिनीला आठवण सांग. फोन रविवारीच कर, सकाळी. मी घरीच असते.

ताई